गोष्ट उन्हाळ्यात घडली असती तर

मुलांना गोष्ट द्यावी आणि आपण बाजूला व्हावं, असं मी बरीच वर्षं मानत आले. पात्रं कोणती, प्रसंग कुठे घडतो, कथानक कसं पुढे सरकतं असले प्रश्न विचारले की गोष्टीतला जीव जातो, अशी माझी पक्की समजूत होती. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पालकसभेत, मैत्रिणींशी बोलताना मी हे ठासून सांगितलं आहे. वर्गात गोष्ट वाचून दाखवायची, पुस्तक मिटायचं आणि पुढचं जे काय व्हायचं ते मुलांच्या मनात होऊ द्यायचं, ही माझी पद्धत होती. आज माझं मत वेगळं आहे. पात्र, स्थळकाळ आणि कथानक यांच्याकडे नीट पाहायला मुलांना शिकवलंच पाहिजे, आणि तेही सहावी-सातवीपासून, असं मी आता म्हणते. हे मत कसं बदललं ते लिहून काढावंसं वाटलं, कारण माझ्या जुन्या मताची खूप माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि ती सगळी पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारी आहेत.

ते मत काही हवेतून आलं नव्हतं. मी 'किशोर'च्या अंकांवर वाढले. बालभारतीने १९७१च्या बालदिनी सुरू केलेलं हे मासिक आमच्या घरी आलं की ते आधी कोणी वाचायचं यावरून भावंडांत भांडण व्हायचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी जेवतानाही हातातून खाली ठेवत नसे. फुरसुंगीच्या त्या काटकुळ्या मुलाचे स्वभावविशेष मला कोणी विचारले नाहीत, म्हणूनच तो माझा राहिला, असं मला वाटायचं. याउलट शाळेच्या पुस्तकातली माणसं माझी कधी झालीच नाहीत. धड्याखाली प्रश्न असायचा, 'स्वभावविशेष लिहा', आणि गाईडमध्ये उत्तर असायचं : प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, कर्तव्यदक्ष. धडा कोणताही असो, माणूस कोणताही असो, हीच चार विशेषणं. पुढे मी शिक्षिका झाले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर आले, तेव्हाही तीच चार विशेषणं सगळ्या वर्गाच्या अक्षरात वाचायला मिळाली. विश्लेषण म्हणजे हेच असेल तर ते मला नको होतं. तो नकार मी आजही सोडलेला नाही.

माझ्या मताला महाविद्यालयातल्या वाचनाचाही आधार होता. ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधन'ची, १९३१ सालच्या त्या पुस्तकाची, आम्ही परीक्षेसाठी टिपणं काढली होती. कथेची सुरुवात कशी करावी, गुंतागुंत कशी वाढवावी, उत्कर्षबिंदू कुठे आणावा, या तंत्राचं फडक्यांना मोठं महत्त्व. नंतर नवकथा वाचली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांनी तो साचा मोडून टाकला होता, आणि मी मनाने त्यांच्या बाजूची झाले. कथानकाची चर्चा हा जुन्या तंत्रवाद्यांचा खेळ, असं मी ठरवून टाकलं. मात्र एक गोष्ट तेव्हा मी लक्षात घेतली नाही. गाडगीळ नुसते कथा लिहून थांबले नव्हते. 'खडक आणि पाणी'मध्ये त्यांनी दुसऱ्यांच्या लेखनाची कसून चिकित्सा केली आहे. मी ज्यांची बाजू घेतली होती, त्यांना गोष्टीकडे बारकाईने बघण्याचं वावडं मुळीच नव्हतं.

पहिला धक्का मला सहावीच्या वर्गात बसला. मी बीड जिल्ह्यात शिकवते. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुलं त्यांच्याबरोबर कारखान्याच्या कोपीवर जातात, काही आजीआजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात. एका पावसाळी दुपारी मी मुलांना सांगितलं की कावळा-चिमणीची गोष्ट आपापल्या घरी जशी सांगतात तशी सांगा. शेणाचं घर वाहून जातं, कावळा मेणाच्या घराचं दार ठोठावतो, चिमणी आपल्या पिल्लाचं आवरण्यात वेळ घालवते, इथपर्यंत सगळ्यांची गोष्ट एकच होती. शेवट मात्र घराघरात निराळा. कुठे कावळा चुलीपाशी भाजतो, कुठे तो घरातलं धान्य खाऊन टाकतो, कुठे चिमणी दार उघडतच नाही. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ही गोष्ट उन्हाळ्यात झाली असती तर मेणाचंच घर वितळलं असतं की."

वर्गात एकच गलका झाला. खरंच, उन्हाळ्यात शेणाचं घर वाळून टणक होणार. चिमणी उघड्यावर पडणार आणि कावळ्याच्या दारात येणार. मग कावळा दार उघडेल का? निम्मा वर्ग म्हणाला, तो चिमणीचा बदला घेईल. एक मुलगी उठून म्हणाली, "कावळ्याला कुठं लेकरू हाय? त्याला दार उघडायला काय टाइम लागतंय?" तिच्या या एका वाक्याने मूळ गोष्टीतली चिमणीही बदलून गेली. चिमणी दुष्ट आहे म्हणून दार उघडत नाही, की तिच्या मागे काम आहे म्हणून? लहान भावंडांना सांभाळून शाळेत येणाऱ्या मुली त्या वर्गात होत्या. त्या चिमणीच्या बाजूने भांडल्या. एकाने विचारलं, "पण मग मेणाचं घर बांधायला तिला वेळ मिळाला आणि दार उघडायला नाही?" तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी जागचं हललं नाही.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ विचार करत होते. त्या मुलाने ऋतू बदलला म्हणजे काय केलं? त्याने स्थळकाळाला हात घातला. त्यामुळे घटनांचा क्रम उलटला, म्हणजे कथानक बदललं. आणि कथानक बदलताच, ज्या पात्रांना आपण जन्मापासून ओळखतो असं वाटत होतं त्यांच्याविषयी नव्याने विचार करावा लागला. या तिन्ही गोष्टी एकमेकींत किती घट्ट गुंतलेल्या आहेत हे मला साहित्यसमीक्षेच्या अनेक पुस्तकांत वाचूनही इतकं लख्ख दिसलं नव्हतं. आणि गोष्टीतला जीव गेला होता का? ती गोष्ट मुलांना मुखोद्गत होती, खरं तर त्यांच्या मते ती लहान पोरांची होती. पण त्या दुपारनंतर ती पुन्हा त्यांची झाली.

तरीही त्या दिवशी माझं मत पुरतं बदललं नाही. मी म्हटलं, बघा, मी काही शिकवलं नाही तरी मुलांना सुचलं. मुलांवर विश्वास ठेवला की झालं. मत बदललं ते नंतरच्या काही आठवड्यांत. मी दुसरी गोष्ट वाचली, तिसरी वाचली, आणि वर्ग गप्प. कावळा-चिमणीच्या वेळी जे घडलं ते पुन्हा घडेना. मुलांना एक किल्ली सापडली होती, पण ती किल्ली आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती तिथेच पडून राहिली. मग एके दिवशी मी फळ्यावर लिहिलं : 'कुठे, केव्हा?' आणि म्हणाले, त्या दिवशी आपण काय बदललं होतं ते आठवा, आता या गोष्टीत तेच बदलून बघा. पाच मिनिटांत वर्ग बोलायला लागला. तेव्हा मला कळलं की नाव दिल्याशिवाय विचार एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत नेता येत नाही. पात्र, स्थळकाळ, कथानक हे शब्द मुलांवर लादलेलं ओझं नसतात. ते त्यांच्याच डोक्यात आलेली गोष्ट पुढच्या वेळी पुन्हा शोधून काढण्याची सोय असते.

दुसरं एक कारण याहून खोल आहे. माझ्या लहानपणीच्या ज्या 'मोकळ्या' वाचनाचे मी गोडवे गात होते, ते मी पुन्हा नीट आठवून पाहिलं. माझे वडील रात्री आमच्याकडून गोष्ट ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, "पण तो परत का आला असेल?" आई म्हणायची, "तिच्या जागी तू असतीस तर?" आजोबा नाटक बघून आले की कोणतं पात्र कुठे कमी पडलं यावर जेवणं होईपर्यंत बोलायचे. मला कोणी स्वभावविशेष विचारले नाहीत हे खरं, पण मला गोष्ट उलटून-पालटून बघायला रोज शिकवलं जात होतं. घरातच शिकवलं गेल्यामुळे ते शिक्षण आहे हेच मला कळलं नाही. ज्या घरात पुस्तकं असतात, ज्या घरातल्या मोठ्या माणसांना संध्याकाळी बोलायला वेळ असतो, त्या घरातल्या मुलाला ही दृष्टी न मागता मिळते. ज्याचे आईबाप पहाटे फडात जातात आणि रात्री गाडी भरून परततात, त्या मुलाला ती फक्त शाळेतच मिळू शकते. 'मुलांना नुसतं वाचू द्या' हे म्हणणं ऐकायला फार उदार वाटतं. पण ते म्हणणारे आपण बहुतेक सगळे पहिल्या प्रकारच्या घरातून आलेलो असतो.

आणि आमची मुलं गोष्टींपासून दूर आहेत असंही नाही. त्यांच्यावर गोष्टींचा मारा चालू असतो. मालिका, मोबाइलवरचे व्हिडिओ, फिरत फिरत आलेले 'हृदयस्पर्शी' प्रसंग. गरीब मुलगा जिद्दीने अधिकारी झाला, त्याने बापाच्या पायावर डोकं ठेवलं, आणि व्हिडिओ संपतो. मुलांचे डोळे भरून येतात, माझेही येतात. पण मधली वर्षं कुठे गेली, त्याच्या बहिणीचं काय झालं, त्याच्याबरोबरचे बाकीचे कुठे गेले, हे विचारायची सवय नसेल तर मूल त्या गोष्टीच्या हाती सापडतं. ऊसतोडीचा मुकादमही दरवर्षी एक गोष्ट सांगतो. यंदा उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्या, हंगाम चांगला आहे, फिटून जाईल. त्या गोष्टीलाही पात्रं आहेत, स्थळ आहे, आणि असा शेवट आहे जो दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलला जातो. दोन घटनांच्या मध्ये 'का?' ठेवायला शिकलेलं मूल उद्या ही गोष्टही तशीच ऐकेल, अशी माझी आशा आहे. ही आशा मोठी आहे हे मला ठाऊक आहे, पण त्याहून लहान काही मनात धरून भाषा शिकवावी असं मला वाटत नाही.

आता मी वर्गात काय करते ते सांगते. पात्राबद्दल बोलताना पहिल्या फेरीत विशेषणांना बंदी. माणूस काय करतो, काय करत नाही, काय बोलायचं टाळतो, एवढंच सांगायचं. 'श्यामची आई'मधली अळणी भाजीची गोष्ट यासाठी मला फार उपयोगी पडते. आईकडून भाजीत मीठ घालायचं राहून गेलं आहे. वडील तक्रार न करता जेवतात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. इथे सगळं काही न बोलण्यात आहे. मुलं आधी म्हणतात, वडील चांगले आहेत. मग मी म्हणते, 'चांगले' हा शब्द वापरायचा नाही. मग एक जण म्हणतो, त्यांनी ताटात राहू दिली नाही. दुसरा म्हणतो, आईने कष्टाने केलेली होती ना. तिसरी म्हणते, आमच्याकडं असं झालं तर ताट भिरकावलं जातं. यावर वर्ग शांत होतो. त्या शांततेत जे समजतं ते चार विशेषणांत मावत नाही.

मग त्याच पुस्तकातलं दुसरं प्रकरण घेते. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, घालूनपाडून बोलतो, आणि आईचा संताप उफाळून येतो. आता गाईडमधली 'सहनशील' आई कुठे गेली? मुलांना हा प्रश्न आवडतो, कारण यात गाईड हरतं. उत्तर शोधताना आम्हाला श्यामच्या गावी, पालगडला जावं लागतं. हे घर एके काळी खोताचं होतं, गावात त्याला मान होता, आता ते कर्जात बुडालं आहे. ज्या दारात माणसं मानाने यायची तिथेच अपमान होतो आहे. हे स्थळ आणि हा काळ माहीत नसेल तर आईचा संताप नुसता राग वाटेल. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं, हे मी मुलांना सांगते. गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, रात्री आश्रमातल्या मित्रांना तो आईच्या आठवणी सांगतो आहे, हेही दाखवते. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, आईनं स्वतः सांगितली असती तर कशी सांगितली असती?" मी तिला ती लिहायला लावली. तिच्या गोष्टीतल्या आईला श्यामपेक्षा कर्जाची काळजी जास्त होती, आणि ती फार वेळ झोपत नव्हती.

स्थळकाळाच्या बाबतीत तर मुलांनीच मला शिकवलं, असं मला वाटतं. स्थळ म्हणजे गोष्टीच्या सुरुवातीचं निसर्गवर्णन, परीक्षेला न येणारा भाग, अशीच साऱ्यांची धारणा असते. आठवीला मी माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तले भाग वाचून दाखवते. १९५५ सालची ही कादंबरी. एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळेत येतो, वाडीत रुजतो, आणि मग दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडून जातात. हा भाग वाचताना मला काही समजावून सांगावं लागलं नाही. रिकामं गाव कसं दिसतं ते मुलांना माहीत होतं. कुलपं, म्हातारी माणसं, भाकरीसाठी दारोदार फिरणारी कुत्री, सगळं त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, हीच गोष्ट उचलून कोकणात ठेवू. एकजण लगेच म्हणाला, तिकडं पाऊस आहे, तिकडचं कोण कशाला जाईल? मग दुसऱ्याला आठवलं की कोकणातली माणसं मुंबईला जातात. म्हणजे जाणं आहेच, पण निराळं. तिथला चाकरमानी एकटा जायचा आणि गणपतीला यायचा, मागे बायकामुलं आणि मनीऑर्डरची वाट बघणं. बनगरवाडीत मेंढरं जातात म्हणून माणसं जातात. आणि आमच्याकडे नवरा-बायको जोडीने जातात, कारण कोयता जोडीचा धरतात. कोण जातं, कोण मागे राहतं, हे बदललं की गोष्टीतलं मुख्य पात्रच बदलतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी मला सांगितलं. माणदेश, कोकण आणि बीड एका फळ्यावर तीन रकान्यांत उभे होते आणि मी फक्त खडू धरला होता.

कथानकाबद्दल थोडक्यात सांगते. नववीला अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' घेतली की वर्गातला प्रत्येक जण पोटाच्या प्रश्नापर्यंत पोचतो. खाण बंद पडते, भीमाचं काम जातं, तो मढी उकरून सोनं शोधू लागतो. शेवटी बोटं गमावून बसतो आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू होते. मी प्रत्येक दोन घटनांच्या मध्ये 'का?' लिहिते आणि मुलं तो भरतात. शेवटच्या 'का?'ला उत्तर मिळत नाही. खाण नेमकी तेव्हाच का सुरू झाली? हा योगायोग आहे, की लेखकाने तसं ठरवलं आहे, आणि ठरवलं असेल तर आपल्याला काय दिसावं म्हणून? इथे मुलांना पहिल्यांदा जाणवतं की गोष्टीमागे एक माणूस बसलेला आहे आणि त्याने निवड केली आहे.

कथानकाचा चढ-उतार दाखवणाऱ्या त्रिकोणी आकृतीचा मात्र मी आग्रह धरत नाही. फ्रायटाग या जर्मन लेखकाने ती १८६३मध्ये पाच अंकी नाटकाच्या रचनेसाठी मांडली. आता ती कुठल्याही गोष्टीवर ठेवली जाते. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधल्या लंपनच्या कथा या आकृतीत बसवायला गेलं तर मूल म्हणतं, "यात काही घडतच नाही." आणि ते मूल आईबाबांपासून लांब आजी-आजोबांकडे राहणारं असेल, तर तेच मूल थोड्या वेळाने म्हणतं की घडतं, पण आतल्या आत घडतं. हे त्याला आकृतीने कधी सांगितलं नसतं.

माझे काही सहकारी म्हणतात की एवढा वेळ आहे कुठे. कृतिपत्रिका आल्यापासून स्वमताला जागा झाली, आकृतिबंध आले, पण अभ्यासक्रम पुरा करायचाच असतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी धडे कमी करू शकत नाही, म्हणून दोन-तीन धडे असे खोलवर घेते आणि बाकीचे भराभर. हे सगळ्यांना पटेलच असं नाही. बारावीच्या युवकभारतीत कथा या साहित्यप्रकाराची चांगली ओळख करून दिली आहे, कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद असे घटक समजावले आहेत आणि जोडीला व. पु. काळे यांची 'शोध' आणि प्रतिमा इंगोले यांची 'गढी' या कथा आहेत. माझी तक्रार एवढीच आहे की हे बारावीला येतं. तोवर आमच्याकडच्या कितीतरी मुली सासरी गेलेल्या असतात आणि कितीतरी मुलगे कोयता हातात घेऊन फडात उभे असतात. लहान वयासाठी साहित्य नाही असंही म्हणता येत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या 'वाचू आनंदे'मध्ये उतारे आणि चित्रं शेजारी ठेवून मुलांना बघायला आणि विचारायला किती सहज लावलं आहे. ती पुस्तकं प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला हवीत, आणि कपाटाला कुलूप नको.

जुन्या मतातलं काय मी सांभाळून ठेवलं आहे, तेही सांगितलं पाहिजे. पहिलं वाचन मी अजूनही मध्ये न थांबता करते. गोष्ट आधी पुरती ऐकायची, रडायचं असेल तर रडायचं, हसायचं असेल तर हसायचं. प्रश्न दुसऱ्या दिवशी. काही गोष्टींना मी हातच लावत नाही. आई गेलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. 'श्यामची आई'तलं शेवटचं प्रकरण ती पुन्हा पुन्हा एकटी वाचत बसायची. तिला मी त्या प्रकरणावर एकही प्रश्न विचारला नाही आणि कोणाला विचारू दिला नाही. कोणती गोष्ट उलगडायची आणि कोणती मुलाकडे तशीच राहू द्यायची, हे ओळखणं शिक्षकाच्या हातात आहे, आणि त्याचा नियम सांगता येत नाही. आणि परीक्षेतल्या 'स्वभावविशेष लिहा' या प्रश्नाशी माझं वैर कायम आहे. त्याच्या जागी 'या माणसाने असं का केलं असेल?' एवढं विचारलं तरी गाईडवाल्यांची पंचाईत होईल.

एक विनंती आहे, शिक्षकांना आणि त्याहून जास्त आईबाबांना आणि आजीआजोबांना. मुलाला रात्री जी गोष्ट सांगाल तिच्यात एक काहीतरी बदला. ऋतू बदला, गाव बदला, गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगा, आणि पुढचं त्याला सांगू द्या. ते जे सांगेल ते दुरुस्त करू नका, फक्त 'का?' विचारा. आणि तुम्ही शाळेत भाषा शिकवत असाल, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाने जे केलं त्याला नाव द्या, म्हणजे ज्या मुलाच्या घरी रात्री गोष्ट सांगायला कोणी नव्हतं, त्यालाही ते करता येईल.